माफीचा साक्षीदार आणि न्यायाचा अर्थ

भुसावळचे नाव देशभर कशासाठी ठाऊक आहे, असे विचारले तर लहान मूलही सांगेल की केळी आणि आगगाडी यांच्यासाठी. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे फुटतो. एक फाटा मलकापूर, अकोला करीत नागपूरच्या बाजूस जातो, तर दुसरा तापी ओलांडून खांडवा, इटारसीच्या वाटेने उत्तर हिंदुस्थानात शिरतो. गाडी बदलण्यासाठी येथील फलाटावर आजवर किती माणसे उतरली असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. अशाच उतरलेल्या दोन तरुणांची गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे. ती आपल्या स्थानकावर सुरू झाली, जळगावच्या न्यायालयात पिस्तुलाच्या आवाजापर्यंत गेली, आणि तिने जो प्रश्न उभा केला तो आजही सुटला आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न असा की, कायदा ज्याला न्याय म्हणतो तो, आणि आपले मन ज्याला न्याय म्हणते तो, हे दोन्ही एकच आहेत काय?

प्रारंभी शब्दाकडे पाहू. ‘न्याय’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला आहे. ज्या मार्गाने आपण निर्णयापर्यंत नेले जातो तो न्याय. म्हणूनच आपल्याकडे तर्कशास्त्रालाही न्याय हेच नाव पडले, आणि काकतालीय न्याय, देहलीदीप न्याय असे दृष्टांतही न्यायच म्हणवू लागले. निकाल, फैसला, निवाडा हे शब्द शेवटच्या पायरीचे आहेत. न्याय हा शब्द मात्र सगळ्या वाटेचा आहे. हा भेद ध्यानात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. कारण पुढील हकीकतीत ज्यांनी ज्यांनी वाट सोडून थेट निकाल गाठण्याची घाई केली, त्यांची काय गत झाली हे आपणांस दिसणार आहे, मग ते सरकार असो वा सरकारचे शत्रू असोत.

आता हकीकत. ११ सप्टेंबर १९२९ रोजी भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे दोघे भुसावळ स्थानकावर पकडले गेले. दोघेही विशीच्या आसपासचे आणि झाशी-ग्वाल्हेरकडील. एकाचे आडनाव तर आपल्या शेजारच्या मलकापूरची आठवण देणारे. त्यांच्या सामानाच्या झडतीत पिस्तुले आणि बाँबचे साहित्य सापडले. हे दोघे चंद्रशेखर आझादांच्या गटातले, म्हणजे हिंदुस्थान समाजवादी प्रजासत्ताक सेनेचे सैनिक होते. हा खटला पुढे ‘भुसावळ बाँब खटला’ या नावाने ओळखला गेला. त्या काळी आपला मुलूख पूर्व खानदेश जिल्ह्यात मोडत असे आणि जिल्ह्याचे ठाणे जळगाव होते. तेव्हा खटला तेथे चालणार हे ठरलेलेच होते.

त्या आठवड्यात देशाचे लक्ष भुसावळकडे नव्हते, ते लाहोरकडे लागले होते. राजकीय कैद्यांना माणसासारखे वागवावे म्हणून लाहोरच्या तुरुंगात उपोषणाला बसलेले जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर रोजी, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी मरण पावले. आपल्या स्थानकावरील अटकेनंतर अवघ्या दोन दिवसांनी. लाहोरला चाललेला खटला आणि जळगावला चालणारा खटला हे एकाच वृक्षाच्या दोन फांद्या होत्या, आणि या दोन्ही फांद्यांना जोडणारा दुवा म्हणजे माफीचा साक्षीदार.

हा माफीचा साक्षीदार म्हणजे कोण? गुन्ह्यात स्वतः सामील असलेला, पण ‘सर्व काही खरे सांगेन’ या अटीवर शिक्षेतून सोडलेला आरोपी. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३३७ व्या कलमात ही सोय होती, आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. लाहोरच्या प्रकरणात असे जे साक्षीदार सरकारला मिळाले त्यांत जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष हे दोघे महत्त्वाचे.

जयगोपालची कथा विशेष विचारात घेण्यासारखी आहे. लाला लजपतराय यांच्या मिरवणुकीवर लाहोरला लाठीमार झाला आणि पुढे १७ नोव्हेंबर १९२८ रोजी लालाजी वारले. त्याचा सूड म्हणून पोलीस अधीक्षक स्कॉट याला मारण्याचे क्रांतिकारकांनी ठरविले. १७ डिसेंबर १९२८ रोजी स्कॉट बाहेर पडताच खूण करण्याचे काम जयगोपालकडे होते. त्याने ओळखण्यात चूक केली. खूण झाली ती साँडर्स या दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे पाहून, आणि साँडर्स मारला गेला. पुढे एप्रिल १९२९ मध्ये लाहोरच्या बाँब कारखान्यावर छापा पडला तेव्हा सुखदेवांबरोबर जयगोपालही पकडला गेला, आणि काही काळाने तो सरकारपक्षाचा साक्षीदार झाला. म्हणजे काय घडले पाहा. ज्याच्या खुणेवरून गोळी सुटली तो मोकळा झाला, आणि त्याने जिला खूण केली ती मंडळी त्याच्याच जबानीच्या आधारे मृत्युदंडाच्या वाटेवर उभी राहिली. यात कायद्याचे एकही कलम मोडलेले नाही. तरीही हे ऐकताना आपल्यापैकी कोणाच्या मनाला ‘न्याय झाला’ असे वाटेल, असे मला दिसत नाही.

जयगोपाल आणि घोष यांना जळगावच्या खटल्यात साक्षीसाठी आणण्यात आले. २१ फेब्रुवारी १९३० रोजी न्यायालयाच्या आवारात भगवानदास माहौर यांनी, बाहेरच्या साथीदारांनी गुपचूप पोचविलेल्या पिस्तुलातून, या दोघांवर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला. दोघांचाही जीव वाचला. माहौर आणि मलकापूरकर यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. बंदिवान आरोपी भर न्यायालयात साक्षीदारावर गोळी झाडतो, असा प्रसंग आपल्या जिल्ह्याने त्यापूर्वी पाहिला नसावा.

ही गोष्ट बहुधा येथेच थांबवून ‘धन्य ते वीर’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. त्या तरुणांच्या देशप्रेमाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण वर्षातून एकदा उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण येथे जमतो ते केवळ टाळ्या वाजविण्यासाठी नव्हे. म्हणून दोन प्रश्न सरळ विचारू. साक्षीदाराला माफी देऊन त्याच्या तोंडून सत्य काढणारा कायदा न्याय्य आहे काय? आणि अशा साक्षीदारावर गोळी झाडणारी नीती न्याय्य आहे काय?

पहिल्या प्रश्नात कायद्याची बाजू आधी ऐकून घेतली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. कट हा अंधारात शिजतो. तेथे पंच नसतात, कागद नसतात आणि शेजारीपाजारीही नसतात. जे असतात ते सारे कटवाले. दरोडेखोरांची टोळी असो, खोट्या नोटा छापणारे असोत किंवा लाचलुचपतीची साखळी असो, आतला एखादा फुटल्याखेरीज बाहेरच्या जगाला काही कळावे कसे? एकाला सोडल्याने दहा सापडत असतील आणि शंभर निरपराध माणसे वाचत असतील, तर तो व्यवहार वाईट म्हणावा काय? ज्याचे घर दरोडेखोरांनी लुटले त्याला हे विचारून पाहा. तो म्हणेल, एक सुटला तर सुटो, पण बाकीचे धरा. तेव्हा माफीचा साक्षीदार ही केवळ परक्या सरकारची दुष्ट युक्ती होती असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. स्वतंत्र भारतानेही ही तरतूद ठेवली आहे, आणि ती ठेवण्यास कारणे आहेत.

परंतु गंमत अशी की, खुद्द कायद्यालाच या साक्षीदाराची धास्ती वाटत आलेली आहे. १८७२ चा पुराव्याचा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या गृहस्थाने तयार केला. त्यात दोन कलमे एकमेकांकडे पाठ करून उभी होती. १३३ वे कलम सांगे की, साथीदाराची साक्ष चालते, आणि तिला दुसऱ्या पुराव्याची पुष्टी नसली तरी तेवढ्यावरून दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. ११४ व्या कलमाखालचे उदाहरण मात्र सांगे की, महत्त्वाच्या बाबींत पुष्टी मिळाल्यावाचून साथीदार विश्वासास पात्र नाही असे न्यायाधीशाने गृहीत धरावयास हरकत नाही. एक कलम दार उघडते आणि दुसरे उंबऱ्यावर काठी आडवी धरते. हा विरोध अजाणतेपणाचा नव्हता. पहिल्या कलमात राज्याची गरज बोलत होती, दुसऱ्यात राज्याचे मन खात होते. कायदा आणि नीती हे दोन परके प्रांत आहेत असे मानणाऱ्याने ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. एकाच पुस्तकात दोघेही नांदत होते, आणि त्यांचे भांडण मिटविण्याचे काम त्या त्या न्यायाधीशाच्या सदसद्विवेकावर सोपविलेले होते.

आपल्या जुन्या परंपरेने याच प्रश्नाचा विचार दुसऱ्या बाजूने केला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार कोणी नसावे याची यादी आहे. ज्याचा त्या प्रकरणात अर्थसंबंध आहे तो नको, मित्र नको, वैरी नको, आणि साथीदारही नको. हेतू उघड आहे. ज्याला साक्षीतून काही मिळावयाचे आहे त्याचे बोलणे तागडीत घालू नये. याच स्मृतींनी वर्णागणिक शिक्षेचे माप बदलले, हे विसरून त्यांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. ज्यांना गावाच्या चावडीची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांच्या दृष्टीने त्या न्यायात पुष्कळ अन्याय होता. तरीही साक्षीविषयीचे हे निरीक्षण खरे आहे, आणि मराठेशाहीतल्या व्यवहारात त्याचे एक जिवंत रूप दिसते.

वतनाचा तंटा असो की शिवेचा, गोतसभा बसे. जमलेल्यांची नावे महजरावर लिहिली जात, आणि पाटील आपली नांगराची निशाणी करी. साक्ष देणारा माणूस देवळात किंवा नदीच्या पाण्यात उभा राहून, आपल्या पूर्वजांना स्मरून बोले. त्याचे वजन शपथेत होते तसे आणखी एका गोष्टीत होते. साक्ष देऊन झाल्यावर त्याला त्याच गावात राहावयाचे असे. त्याच पाणवठ्यावर, त्याच बाजारात, ज्याच्याविरुद्ध बोलला त्याच्या बांधाला बांध लावून. खोटे बोलला तर त्याच्या पोरीला स्थळ मिळणे कठीण. म्हणजे खरे बोलण्यासाठी त्याला काहीतरी पणाला लावावे लागे. माफीच्या साक्षीदाराचे नेमके उलटे असते. तो दुरून पहाऱ्यात आणला जातो, पहाऱ्यातच परत नेला जातो, आणि बोलल्याबद्दल त्याला जे मिळते ते म्हणजे स्वतःचा जीव. ज्या सत्यासाठी माणसाला किंमत मोजावी लागते आणि ज्या सत्याबद्दल माणसाला किंमत मिळते, ती दोन्ही सत्येच असू शकतील. पण दुसरे घेताना नाणे वाजवून घ्यावे लागते. पुष्टी मागण्याचा नियम म्हणजे हे नाणे वाजविणे होय.

लाहोरला काय झाले? आरोपी उपोषणामुळे हजर राहू शकत नाहीत, तर त्यांच्या गैरहजेरीत खटला चालविण्याची मुभा मिळावी म्हणून सरकारने सप्टेंबर १९२९ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले. सभागृहात त्याला कडाडून विरोध झाला आणि ते पुढे गेले नाही. मग १ मे १९३० रोजी व्हाइसरॉयने वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ नेमले. त्याच्या निकालावर हिंदुस्थानातील कोणत्याही उच्च न्यायालयात अपील नव्हते. त्याच मे महिन्यात भर न्यायालयात आरोपींना मारहाण झाली. न्यायमंडळातील एक सदस्य, न्यायमूर्ती आगा हैदर, यांनी त्या हुकमाशी आपला संबंध नाही असे नमूद केले, आणि जूनमध्ये न्यायमंडळाची फेररचना झाली तेव्हा त्यांचे नाव तीत नव्हते. आरोपी पुढे न्यायालयात गेले नाहीत. त्यांच्या गैरहजेरीत, माफीच्या साक्षीदारांवर मोठी भिस्त ठेवून खटला पुरा झाला. ७ ऑक्टोबर १९३० ला निकाल लागला, आणि २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू फाशी गेले.

येथे वटहुकूम होता, न्यायाधीश होते, जबान्या होत्या आणि सही-शिक्क्याचा निकालही होता. कायद्याच्या दृष्टीने काही कमी नव्हते. साक्षीदाराची उलटतपासणी नीट व्हावी, त्याच्या शब्दाला आरोपीने समोरासमोर आव्हान द्यावे, वरच्या न्यायालयाने ते पुन्हा पारखावे, या ज्या पायऱ्या सत्य पाखडून घेण्यासाठी असतात त्या मात्र एकेक करून काढून टाकलेल्या होत्या. सरकारला निकाल हवा होता, वाट नको होती. ज्या राज्याला आपल्या न्यायाची खात्री असते ते अपिलाचा रस्ता बंद करीत नाही.

सत्तेपुढे वाट न सोडणारा न्यायाधीश कसा असतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, गादीवर बसलेल्या रघुनाथरावांकडेच दोष येतो असे त्यांना आढळले, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून गेले. त्यांच्या हाती फौज नव्हती, निकाल अमलात आणण्याचे साधन नव्हते. रघुनाथरावांना ती शिक्षा कधीच झाली नाही. तरीही अडीचशे वर्षे होऊन गेल्यावर आपण त्याला न्याय म्हणतो, आणि लाहोरच्या अमलात आलेल्या निकालाला तसे म्हणताना अडखळतो. न्याय आणि निकालाची अंमलबजावणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा दाखला नको.

आता दुसरा, अधिक कठीण प्रश्न. कायद्याची वाटच जर अशी वाकडी झाली असेल तर माहौरांनी गोळी झाडली त्यात चुकले कोठे? अनेकांच्या मनात हा विचार येतो, आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. सूडाची ती प्रेरणा क्षुद्र नव्हती. स्वतःच्या सुटकेसाठी ती गोळी नव्हती, उलट तिने स्वतःची शिक्षा वाढणार हे त्यांना ठाऊक होते. मित्रांना फाशीच्या वाटेवर नेणाऱ्या तोंडाला गप्प करावे, एवढाच हेतू होता. पण त्या क्षणी आरोपीनेच न्यायाधीशाची, पंचाची आणि मारेकऱ्याची अशी तीनही कामे पत्करली. जयगोपालला काय म्हणावयाचे होते हे कोणी विचारले? कोठडीत त्याच्यावर काय गुजरले, तो भ्याला की लोभावला, की आपल्या हातून झालेल्या त्या चुकीच्या खुणेने खचला? ज्या उलटतपासणीचा हक्क लाहोरच्या आरोपींना नाकारल्याबद्दल आपण संतापतो, तोच हक्क जळगावात पिस्तुलाने साक्षीदाराला नाकारला.

ही वाट पुढे कोठे गेली तेही पाहिले पाहिजे. जळगावात वाचलेला फणींद्रनाथ घोष १९३२ च्या नोव्हेंबरात बिहारमधील बेतिया येथे हल्ल्यात मारला गेला. त्याच हल्ल्यात त्याच्याबरोबर असलेला आणखी एक गृहस्थ प्राणास मुकला. त्याने कोणाविरुद्ध साक्ष दिल्याचा आरोप कोणी केलेला नव्हता. त्याबद्दल बैकुंठ शुक्ल या क्रांतिकारकाला १४ मे १९३४ रोजी गयेच्या तुरुंगात फाशी झाली. एक खूण, एक माफी आणि तिच्यामागे लागलेली प्रेतांची रांग. पिस्तूल साक्षीदार आणि शेजारी यांत भेद करीत नाही. तो भेद करण्यासाठीच तर लांबलचक, कंटाळवाणी, तारखांवर तारखा पडणारी न्यायाची वाट मनुष्याने शोधून काढली.

या दोन वाटांखेरीज तिसरी काही होती काय? होती, आणि ती शोधण्यासाठी खानदेशाबाहेर जावे लागत नाही. जळगावच्या गोळीला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, २१ फेब्रुवारी १९३२ रोजी, रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी आपल्या सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवरील पहिले प्रवचन केले. दर रविवारी एक अध्याय, असे १९ जूनपर्यंत चालले. अमळनेरची शाळा सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी ती प्रवचने उतरून घेत होते. आज घरोघरी असलेले ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असे कैद्यांच्या सभेत जन्मले. तारखेचा योगायोग मी योगायोगच मानतो. पण विषयाचा योग विचार करावयास लावणारा आहे. गीतेची सुरुवातच ‘समोर उभे असलेल्या आपल्या माणसांवर शस्त्र चालवू की नको’ या प्रश्नाने होते, आणि जळगावात त्या दिवशी विशीतल्या एका तरुणासमोर हाच प्रश्न, आपल्याच जुन्या साथीदाराच्या रूपाने, उभा होता.

धुळ्याच्या त्या कैद्यांनीही कायदा मोडला होता. त्यांनाही परक्या सरकारचा कायदा अन्याय्य वाटत होता. पण त्यांनी तो उजेडात मोडला, आपण मोडला हे स्वतः सांगितले, आणि शिक्षा झाली ती पत्करली. अशा माणसांच्या विरुद्ध माफीचा साक्षीदार सापडत नाही, कारण फोडण्याजोगे गुपितच नसते. सविनय कायदेभंगाची ही बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. जो आपले कृत्य स्वतःच सांगतो त्याच्या बाबतीत राज्याला सत्य विकत घ्यावे लागत नाही. माहौर-मलकापूरकरांचे शौर्य मी यामुळे कमी लेखीत नाही. गुप्त मार्गाला लागलेल्या प्रत्येकाला कोणातरी एकावर जीव टाकून विश्वासावे लागते, आणि तो एक माणूस मोडला की सगळे मोडते, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर लवकरच या नियमाची पुन्हा कसोटी लागली. गांधीजींच्या खुनाचा खटला दिल्लीच्या लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे चालला. दिगंबर बडगे हा त्यातला माफीचा साक्षीदार. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात न्यायाधीशांनी बडगेला एकंदरीत खरा साक्षीदार मानले. तरीही विनायकराव सावरकरांच्या संबंधात त्याच्या जबानीला स्वतंत्र पुष्टी मिळत नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडले. राष्ट्रपित्याचा खून झालेला, देश क्षुब्ध, आणि तरीही न्यायाधीशाने नाणे वाजवून पाहिले. त्या निकालावर आजही लोक वाद घालतात, घालोत. न्यायालयाने सांगितले ते एवढेच की, या पुराव्यावर दोष सिद्ध होत नाही. माणसाच्या अंतःकरणात काय होते हा प्रश्न इतिहासाचा आणि नीतीचा आहे. न्यायालय त्याचे उत्तर देण्याचा आव आणीत नाही, हेच त्याचे सामर्थ्य. पुढे १९५७ साली पंजाबातील एका खून-खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी अधिक स्पष्ट केली. माफीचा साक्षीदार आधी स्वतः विश्वसनीय वाटला पाहिजे, आणि त्यानंतर त्याच्या सांगण्याला पुरेशी पुष्टीही मिळाली पाहिजे.

आणि शेवटी कायद्याच्या पुस्तकातील ते जुने भांडणही मिटले. २०२३ साली संसदेने भारतीय साक्ष अधिनियम मंजूर केला आणि १ जुलै २०२४ पासून तो १८७२ च्या कायद्याच्या जागी आला. त्यातील १३८ वे कलम आता म्हणते की, साथीदाराच्या पुष्टी मिळालेल्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. जुन्या कलमात ‘पुष्टी नसलेली’ असे होते, नव्यात ‘पुष्टी मिळालेली’ असे आले. बदल एका शब्दाचा, पण तेवढ्याने उंबऱ्यावरची काठी दारातच जाऊन बसली. जे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले होते ते कायद्याच्या अक्षरात उतरले. यास १५१ वर्षे लागली. वकिलांखेरीज फार थोड्यांच्या ध्यानात हा बदल आला असेल. कोणी त्यासाठी गोळी झाडली नाही, मिरवणूक काढली नाही. शेकडो खटल्यांत, शेकडो न्यायाधीशांनी, ‘या एका शब्दावर माणसाला शिक्षा देण्यास माझे मन धजत नाही’ असे नोंदवून ठेवले, त्या नोंदींचा हा साठलेला परिणाम. नीती कायद्यात शिरते ती बहुधा अशीच, झिरप्यासारखी.

आता त्या दोघांचे पुढे काय झाले ते सांगून मी आपली रजा घेतो. तुरुंगातून सुटल्यावर भगवानदास माहौर हिंदीचे अभ्यासक आणि अध्यापक झाले. मलकापूरकर आणि शिव वर्मा यांच्यासह त्यांनी आपल्या साथींच्या आठवणी ‘यश की धरोहर’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. चंद्रशेखर आझाद २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादला पोलिसांशी लढताना गेले. त्यांच्या मातोश्री जगरानीदेवी मागे राहिल्या, म्हाताऱ्या आणि निराधार. सदाशिवराव मलकापूरकरांनी त्यांना झाशीला आणले, आईसारखे सांभाळले आणि १९५१ साली त्या वारल्या तोपर्यंत त्यांची सेवा केली.

मित्राच्या आईला सांभाळावे असे कोणत्याही संहितेचे कोणतेही कलम सांगत नाही. ते न केल्याबद्दल मलकापूरकरांवर कोणी फिर्याद करू शकले नसते, आणि केल्याबद्दल त्यांना काही मिळणारही नव्हते. जळगावच्या न्यायालयात एका बाजूस बोलल्याबद्दल जीव मिळालेला माणूस उभा होता. दुसऱ्या बाजूस उभ्या असलेल्या या माणसाने पुढे काहीही न मिळता जन्मभराचे देणे फेडले. त्या दिवशी न्यायालयाला या दोघांतला हा फरक मोजता येण्यासारखा नव्हता. पुरावा मोजण्याच्या तागडीत तो बसत नाही. तो मोजण्याचे काम आपणा सर्वांचे आहे. आणि तागडी सरळ आहे की नाही हे पाहण्याचे कामही आपलेच आहे. मग ती तागडी न्यायालयातली असो, कचेरीतली असो, किंवा उद्या सकाळी बाजारात कोणाविषयी काही ऐकल्यावर आपण लगेच मनात लावून टाकतो त्या निकालाची असो.

भुसावळच्या फलाटावर गाडी बदलताना माणूस दोनदा विचारून खात्री करतो की हीच आपली गाडी ना. कोणाला दोषी म्हणण्याआधी तेवढी चौकशी जरी आपण करू लागलो, तरी या गावात घडलेल्या त्या गोष्टीपासून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.